चौथा खंड एवढा का लांबला?

सहा ठोकळे घ्या. दोनांवर १ लिहा, दोनांवर २, दोनांवर ३. आता ते एका ओळीत असे लावा, की दोन एकांच्या मध्ये बरोबर एक ठोकळा येईल, दोन दोनांच्या मध्ये दोन आणि दोन तिनांच्या मध्ये तीन. थोडी उलथापालथ केली की उत्तर सापडतं: ३ १ २ १ ३ २. हीच ओळ उलटी वाचली तरी अट पाळली जाते, पण ते आरशातलं तेच उत्तर. याखेरीज दुसरं उत्तर नाही.

डडली लँगफर्ड या स्कॉटिश गणितज्ञाने आपल्या लहान मुलाच्या रंगीत ठोकळ्यांमध्ये ही गंमत पाहिली आणि १९५८ मध्ये एका गणिताच्या नियतकालिकात ती लिहून पाठवली. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेतल्या चौथ्या खंडात हे कोडं सुरुवातीलाच भेटतं. या मालेचा तिसरा खंड आला १९७३ मध्ये. चौथ्याचा पहिला भाग, ४ए, आला २०११ मध्ये आणि दुसरा, ४बी, २०२२ मध्ये. म्हणजे तिसऱ्यानंतर पुढचं पुस्तक हातात पडायला ३८ वर्षं लागली.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत पहिले तीन खंड होते. मी चौथा मागितला तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "तो अजून यायचाय." मला वाटलं, कॉलेजने मागवलाय पण पोचला नाही. तो लिहूनच झालेला नाही, हे कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हापासून या पुस्तकाची वाट पाहणाऱ्यांत मी आहे. ते एवढं का लांबलं याचं खरं उत्तर त्या सहा ठोकळ्यांत आहे, असं मला वाटतं.

आधी थोडी हकिकत. १९६२ च्या जानेवारीत ॲडिसन-वेस्ली या प्रकाशनसंस्थेने क्नूथ यांना कंपायलरवर पुस्तक लिहाल का, असं विचारलं. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. क्नूथ तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत पीएचडी करत होते, वय जेमतेम चोवीस. त्यांनी बारा प्रकरणांची यादी केली आणि लिहायला बसले. १९६५ च्या जूनपर्यंत हाताने लिहिलेली तीन हजार पानं झाली. हाताने लिहिलेल्या पाच पानांचं छापील एक पान होईल, असा त्यांचा हिशोब होता. प्रत्यक्षात दीड पानाचंच एक पान होत होतं, म्हणजे छापील दोन हजार पानं! मग एका पुस्तकाचे सात खंड करायचं ठरलं. पहिला १९६८ मध्ये आला, दुसरा १९६९ मध्ये, तिसरा १९७३ मध्ये. १९७४ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान, मिळाला. पाच वर्षांत तीन खंड झाले होते, त्या हिशोबाने मी कॉलेजात जायच्या आत सातही खंड पुरे व्हायला हवे होते.

मध्ये काय झालं, तर एक गोष्ट सगळे सांगतात. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. पहिल्या आवृत्त्या शिशाच्या खिळ्यांनी, जाणत्या जुळाऱ्यांच्या हातून तयार झाल्या होत्या. नवी प्रुफं फोटोटाइपसेटिंगची होती आणि त्यातली गणिताची सूत्रं बघवत नव्हती. क्नूथनी ठरवलं, की अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम आपणच लिहायचा. तोच टेक. वर्षभरात उरकेल असं वाटलेलं काम जवळजवळ दहा वर्षं चाललं, कारण प्रोग्रॅमबरोबर अक्षरांची वळणं आखायची यंत्रणाही त्यांनी स्वतःच बनवली. आज जगभरचे गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे शोधनिबंध टेकवर किंवा त्याच्यावर उभारलेल्या लाटेकवर जुळवले जातात. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थाउस यांनी त्याच यंत्रणेत देवनागरी बसवली आणि संस्कृत-मराठी मजकूरही त्यात नीट छापता येऊ लागला. ही दहा वर्षं पुस्तकातून गेली हे खरं, पण ती वाया गेली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही ३८ मधून १० वजा केले तर २८ उरतात. त्यांचं कारण विषयातच आहे.

चौथ्या खंडाचा विषय आहे कॉम्बिनेटोरियल अल्गोरिदम. सोप्या भाषेत सांगायचं तर शक्यता तपासणं. शाळेचं वेळापत्रक लावायचंय: एक शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांवर नको, प्रयोगशाळा एकच आहे, पीटीचा तास जेवणानंतर लगेच नको. असं वेळापत्रक जमतं का, आणि जमत असेल तर कसं? सुडोकू, कामगारांच्या पाळ्या, मायक्रोचिपवरची जोडणी, सगळे प्रश्न एकाच जातकुळीचे. प्रत्येक अट सोपी असते. अडचण असते ती शक्यतांच्या संख्येची.

ती संख्या कशी फुगते ते ठोकळ्यांवरच पाहा. तीन जोड्यांचे सहा ठोकळे ९० प्रकारे लावता येतात. चार जोड्या घेतल्या की २,५२० प्रकार. सात जोड्या घेतल्या तर ६८ कोटी १० लाख ८० हजार ४००. आठ जोड्यांना ८,१७२ कोटींच्या वर. एकच जोडी वाढवली आणि काम एकशेवीस पट झालं. आणि त्या ६८ कोटींत अट पाळणाऱ्या मांडण्या किती, तर आरशातल्या सोडून फक्त २६. दुप्पट वेगाचं यंत्र आणलं, शंभरपट वेगाचं आणलं, तरी पुढची एक जोडी ते सगळं गिळून टाकते. म्हणून इथे वेगापेक्षा डोकं महत्त्वाचं, आणि चौथा खंड हे डोकं कसं चालवायचं ते शिकवतो.

डोकं म्हणजे काय, तर माझ्या मुलीची गोष्ट सांगतो. ती नववीत आहे. तिने पुठ्ठ्याचे चौकोन कापून पाच जोड्यांचं कोडं घेतलं आणि अख्खी संध्याकाळ त्यात घालवली. जमेना. मग आम्ही कागद घेतला. ओळीत दहा जागा, त्यांच्या क्रमांकांची बेरीज ५५. एकाच्या जोडीतला दुसरा ठोकळा पहिल्याच्या दोन जागा पुढे असतो, दोनाच्या जोडीतला तीन जागा पुढे, आणि असं करत पाचाच्या जोडीतला सहा जागा पुढे. हे सगळे फरक मिळून २ + ३ + ४ + ५ + ६ = २०. पंचावन्नातून वीस गेले, ३५ राहिले. ही उरलेली बेरीज पाच जोड्यांतल्या पहिल्या ठोकळ्यांच्या जागांच्या बेरजेची बरोबर दुप्पट असायला हवी. दुप्पट म्हणजे सम संख्या, आणि ३५ विषम. म्हणजे पाच जोड्यांचं कोडं कुणालाही, कोणत्याही यंत्राला, कधीही सुटणार नाही. दोन ओळींच्या बेरजेने १ लाख १३ हजार ४०० मांडण्या एका झटक्यात बाद झाल्या. मुलगी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. सहा जोड्यांचंही हेच होतं, सात आणि आठ जोड्यांना उत्तरं आहेत.

पण अशी बेरीज दर वेळी हाताशी नसते. मग शोधणं आलंच, फक्त ते शहाणपणाने करायचं. चार जोड्या घ्या. ४ ला पहिल्या आणि सहाव्या जागेवर ठेवा. आता ३ साठी दोनच जोड-जागा मोकळ्या आहेत: तिसरी-सातवी किंवा चौथी-आठवी. आधी चौथी-आठवी घेऊ. मग २ फक्त दुसऱ्या-पाचव्या जागेवर बसतो आणि उरतात तिसरी आणि सातवी. तिथे १ बसत नाही. अडलो. म्हणून मागे फिरायचं, ३ उचलून तिसऱ्या-सातव्या जागेवर ठेवायचा. मग २ पाचव्या-आठव्यावर, १ दुसऱ्या-चौथ्यावर, आणि झालं: ४ १ ३ १ २ ४ ३ २. अडल्यावर शेवटचा निर्णय मागे घेऊन दुसरी वाट धरायची, या पद्धतीला बॅकट्रॅकिंग म्हणतात. २,५२० मांडण्या आपण तपासल्याच नाहीत. जी फांदी पुढे सुकणार हे दिसलं, ती बुंध्यापाशीच छाटली.

यंत्राला हे लाखो वेळा करायचं असतं. प्रत्येक वेळी मागे फिरताना सगळं आधी होतं तसं पुन्हा मांडायचं, तर त्यातच वेळ जाईल. इथे क्नूथ एक युक्ती सांगतात, आणि संपूर्ण चौथ्या खंडातली ती माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे. हितोत्सुमात्सु आणि नोशिता या जपानी संशोधकांनी १९७९ मध्ये ती मांडली होती. क्नूथनी तिला डान्सिंग लिंक्स, म्हणजे नाचणारे दुवे, असं नाव देऊन लोकांपुढे आणलं.

चार मुली हात धरून ओळीत उभ्या आहेत: मीना, सविता, रेखा, नंदा. सविताला बाहेर काढायचंय. मीनाने रेखाचा हात धरायचा, रेखाने मीनाचा, आणि ओळ पुन्हा सलग होते. पण सविता आपले दोन्ही हात तसेच ठेवते: डावा मीनाकडे, उजवा रेखाकडे. तिला आपली जागा ठाऊक आहे. परत यायचं झालं की ती दोघींना हाक मारते आणि मधे शिरते. कुणालाही संपूर्ण ओळ मोजावी लागत नाही, कुठेही काही लिहून ठेवावं लागत नाही. पथ्य एकच: ज्या क्रमाने बाहेर पडल्या त्याच्या उलट क्रमाने आत यायचं. सवितानंतर रेखाही बाहेर पडली असेल, तर आधी रेखाने परतायचं. सविता आधी आली तर ती रेखाचा हात धरायला जाईल आणि रेखा तर ओळीत नाहीच. बॅकट्रॅकिंगमध्ये आपण नेमके उलट क्रमानेच मागे फिरत असतो, त्यामुळे हे पथ्य आपोआप पाळलं जातं. ठोकळ्यांच्या रिकाम्या जागा आणि सुडोकूतले उरलेले अंक अशाच साखळ्यांत ओवले की प्रोग्रॅम चालताना दुवे सुटतात, जुळतात, पुन्हा सुटतात. नाचणारे हे नाव म्हणूनच दिलंय.

२०२२ च्या भागात मोठा हिस्सा आहे तो सॅटचा. पूर्ण नाव सॅटिस्फायबिलिटी. इथे कोडं हो-नाहीच्या प्रश्नांत मोडायचं. तीन जोड्यांच्या कोड्यात ३ बसायच्या शक्यता दोन, २ बसायच्या तीन, १ बसायच्या चार. म्हणजे नऊ प्रश्न, प्रत्येकाला उत्तर हो किंवा नाही. अटी अशा: "या दोनांपैकी एक तरी हो", "ही आणि ती एकदम हो नको". सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारी उत्तरं आहेत का, एवढंच विचारायचं. वेळापत्रक असो की चिपची तपासणी, सगळं या एका साच्यात ओतता येतं. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी दाखवलं, की या प्रश्नाला हमखास झटपट रीत सापडली तर तशा असंख्य प्रश्नांना सापडेल. अशी रीत आहे की नाही, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. अमेरिकेतल्या क्ले या गणितसंस्थेने त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलेलं आहे.

हमखास रीत नसली तरी व्यवहारात सॅट सोडवणारे प्रोग्रॅम गेल्या तीस वर्षांत थक्क करण्याइतके पुढे गेलेत. त्यातली मुख्य कल्पना कुणालाही पटेल अशी आहे. अडल्यावर नुसतं मागे फिरायचं नाही, तर का अडलो ते शोधून एक नवी अट लिहून ठेवायची, म्हणजे त्याच कारणासाठी पुन्हा कधी अडायला नको. २०१६ मध्ये तीन संशोधकांनी अशा प्रोग्रॅमने एक जुना प्रश्न सोडवला: एकपासूनच्या संख्यांना दोनच रंग द्यायचे, पण पायथागोरसचं कुठलंही त्रिकूट, जसं ३, ४, ५, पूर्ण एका रंगाचं होऊ द्यायचं नाही. ७,८२४ पर्यंत हे जमतं, ७,८२५ पासून नाही. त्याची सिद्धता भरली सुमारे २०० टेराबाइट.

आता विलंबाकडे परत. क्नूथ यांची पद्धत अशी, की विषयावरचं मूळ साहित्य वाचायचं, प्रोग्रॅम स्वतः लिहून चालवून पाहायचे आणि मगच लिहायचं. १९७३ पर्यंत हे एका माणसाला झेपत होतं. पण सत्तरच्या दशकात चौथ्या खंडाच्या विषयात शोधनिबंधांचा पूर आला आणि त्यातलं सातवं प्रकरण खंडाच्या बाहेर सांडू लागलं. एका खंडाचं ४ए झालं, मग ४बी. ज्या विषयात एक जोडी वाढली की काम शंभरपट होतं, त्या विषयाचं पुस्तक ठरलेल्या पानांत बसलं नाही यात मला नवल वाटत नाही. सगळ्या वाटा त्यांनाही चालता येत नव्हत्या. कोणती फांदी ठेवायची आणि कोणती छाटायची, हे ते पानोपानी ठरवत होते. वेळ मिळावा म्हणून त्यांनी १ जानेवारी १९९० पासून ईमेल बंद केलं आणि १९९३ मध्ये स्टॅनफर्डमधून लवकर निवृत्ती घेतली.

बिनचूकपणाचा आग्रह वेगळाच. पुस्तकात चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंट देतात. २५६ ही संख्या संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायाच्या मोजणीत १०० अशी लिहिली जाते, म्हणून हा त्यांचा एक डॉलर. ते चेक लोक वटवत नसत, चौकटीत लावून भिंतीवर टांगत. २००८ पासून खरे चेक बंद करून ते एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र पाठवतात. स्वाध्यायांनाही शून्य ते पन्नास अशी अवघडपणाची खूण असते. वीस म्हणजे साधारण पाव तासाचं काम, पन्नास म्हणजे जगात कुणी न सोडवलेला प्रश्न. फर्माचं शेवटचं प्रमेय आधी पन्नासवर होतं. अँड्र्यू वाइल्स यांनी ते सिद्ध केल्यावर नव्या आवृत्तीत त्याची खूण पंचेचाळीसवर आली.

४ए मध्ये एक भाग इतिहासाचा आहे, आणि तो वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. शक्यतांची पद्धतशीर यादी करण्याचं काम सर्वांत आधी कुणी केलं हे शोधताना क्नूथ छंदःशास्त्राच्या पिंगलापर्यंत जातात आणि शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'पाशीही थांबतात. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी लिहिला गेला. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद. सा रे ग हे तीन स्वर घेतले तर सहा ताना होतात: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. सात स्वरांच्या ५,०४०. शार्ङ्गदेव नुसती संख्या सांगून थांबत नाही. यादीतली अमुकाव्या क्रमांकाची तान कोणती, याला तो नष्ट म्हणतो. हातातली तान कितव्या क्रमांकाची, याला उद्दिष्ट. आणि संपूर्ण यादी न मांडता दोन्ही उत्तरं काढण्यासाठी तो खंडमेरू नावाचं कोष्टक देतो. आजचे प्रोग्रॅमर नेमकं हेच करतात, अनरँकिंग आणि रँकिंग या नावांनी. भेंडीबाजार घराण्याच्या गायकांनी मेरुखंडाचा रियाज केला तो याच क्रमाचा. दौलताबादचा किल्ला चढलेल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? मला तरी ते क्नूथनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

२०२५ मध्ये चौथ्या खंडाची पुढची पुस्तिका आली, अटींच्या पूर्ततेवरची. त्या वर्षी क्नूथ ८७ वर्षांचे झाले. चौथा खंड अजून पुरा झालेला नाही, आणि १९६२ मध्ये जो विषय त्यांना लिहायला सांगितला होता, तो कंपायलर, बाराव्या प्रकरणात आहे, म्हणजे सातव्या खंडात. मी ४बी विकत घेतलाय आणि महिन्याला दहा-बारा पानं वाचतो. नाचणाऱ्या दुव्यांचे स्वाध्याय निम्मे झालेत.

मुलीने पाच जोड्या सोडून सात घेतल्या. चौदा पुठ्ठे, तीन रविवार. दोन वेळा शेवटचे एक-एक बसेनात म्हणून सगळं उचललं. तिसऱ्या रविवारी दुपारी तिने मला बोलावलं, आणि जेवणाच्या टेबलावर ओळ होती: ७ ३ ६ २ ५ ३ २ ४ ७ ६ ५ १ ४ १.